कृष्णधवल आणि रंगीत छायाचित्रण : फिल्मपासून डिजिटलपर्यंत

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे फ्रान्सच्या विज्ञान अकादमी आणि ललितकला अकादमी यांच्या संयुक्त बैठकीत लुई दागेर यांच्या छायाचित्रण पद्धतीचा तपशील जाहीर करण्यात आला. हाच दिवस पुढे जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळला जाऊ लागला. त्या दिवशी जगासमोर आलेल्या तंत्राने वस्तूचा आकार, पोत आणि छायाप्रकाश विलक्षण बारकाईने टिपला होता. मात्र त्यात रंग नव्हता. ही उणीव पहिल्या दिवसापासून जाणवत होती आणि ती दूर करण्याचे प्रयत्नही लगेचच सुरू झाले. रंगीत छायाचित्र सर्वसामान्यांच्या हाती पडण्यास मात्र जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. या दीर्घ कालावधीत रंगाविना पाहण्याची एक स्वतंत्र परंपरा निर्माण झाली आणि रंग उपलब्ध झाल्यानंतरही ती संपुष्टात आली नाही.

मराठीत या प्रकाराला ‘कृष्णधवल’ असे सुंदर नाव आहे. परंतु ते काहीसे फसवे आहे. कृष्णधवल छायाचित्रात निव्वळ काळे आणि निव्वळ पांढरे असे फारच थोडे असते. त्याचा सारा प्राण या दोन टोकांच्या मधल्या राखाडी छटांमध्ये असतो. बोलीत तर सर्रास ‘ब्लॅक अँड व्हाइट’ असेच म्हटले जाते आणि कित्येकदा तपकिरी पडलेल्या जुन्या छायाचित्रालाही तेच नाव दिले जाते.

चांदीचे क्षार आणि कपाळावरचे कुंकू

फिल्मवरील कृष्णधवल छायाचित्रणाचा आधार चांदीचे क्षार हा आहे. सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक जिलेटिनमध्ये मिसळून त्याचा पातळ थर काचेवर किंवा फिल्मवर दिला जातो. प्रकाश पडताच या स्फटिकांत डोळ्यांना न दिसणारा बदल घडतो. डेव्हलपरच्या द्रावणात असे प्रकाशित स्फटिक काळ्या धातुरूप चांदीत रूपांतरित होतात, तर उरलेले क्षार ‘हायपो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रावणात विरघळून जातात. हायपोचा हा गुणधर्म इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये, म्हणजे छायाचित्रणाच्या घोषणेपूर्वी वीस वर्षे आधीच शोधून काढला होता. शेवटी फिल्मवर जे उरते ती शुद्ध चांदी असते. ही एक गोष्ट लक्षात ठेवल्यास पुढील अनेक बाबींचा उलगडा होतो.

चांदीचे क्षार स्वभावतः केवळ निळ्या, जांभळ्या आणि अतिनील किरणांनाच प्रतिसाद देतात. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे दिसते आणि तांबडा रंग काळा उमटतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून या क्षारांना हिरव्या प्रकाशाचीही जाणीव करून देता येते, हे दाखवून दिले. लाल रंगासह सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या ‘पॅनक्रोमॅटिक’ काचा १९०६ मध्ये बाजारात आल्या. तरीही जुन्या पद्धतीची स्वस्त फिल्म त्यानंतर कित्येक वर्षे वापरात होती. जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत पणजीच्या कपाळावरचे कुंकू काळे कुळकुळीत का दिसते, या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. ते कुंकू लालच होते. त्या काळच्या रसायनाला लाल रंग दिसत नव्हता, इतकेच.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण कृष्णधवल छायाचित्र म्हणजे वास्तवातून केवळ रंग वजा केलेले चित्र, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः कोणता रंग किती गडद अथवा फिका उमटावा हे रसायन, भिंग आणि छायाचित्रकार मिळून ठरवीत असतात. भिंगासमोर पिवळी काच लावल्यास आकाश किंचित गडद होऊन ढग उठून दिसतात. लाल काच लावल्यास तेच आकाश वादळापूर्वीसारखे काळवंडते. हिरव्या काचेमुळे झाडांची पाने उजळ होतात. आषाढातील ढगांचे नाट्यमय कृष्णधवल छायाचित्र पाहताना त्यामागे साध्या रंगीत काचेचा वाटा किती मोठा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

भारतात छायाचित्रणाचे आगमन फार लवकर झाले. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेशी संबंधित असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी याच काळात मुंबईत व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले. पुढे हैदराबादच्या निजामांच्या आश्रयाने लौकिकास पोहोचलेले राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या संग्रहात संस्थानिक, राजवाडे, शिकारी आणि लष्करी सराव यांची तत्कालीन भारतातील उत्कृष्ट छायाचित्रे आढळतात. मात्र भारतीय ग्राहकाला रंगहीन चेहरा फारसा रुचला नसावा. संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या छायाचित्रांवर चित्रकारांकडून जलरंग किंवा तैलरंग चढवून घेण्याची प्रथा देशात मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. अनेक ठिकाणी रंगांचा थर इतका दाट असे की खालचे छायाचित्र जवळजवळ दिसेनासे होई. लघुचित्रे रंगविणाऱ्या घराण्यांना या कामातून एक नवा व्यवसाय मिळाला.

रंगाचा पाठलाग

रंगीत छायाचित्रणाचे मूलतत्त्व स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी मांडले. लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून डोळ्याला जाणवणारा बहुतेक प्रत्येक रंग तयार करता येतो, या तत्त्वानुसार १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी चौकटीच्या वस्त्राच्या फितीचे रंगीत चित्र पडद्यावर दाखविले. थॉमस सटन यांनी त्या फितीची तीन रंगांच्या गाळण्यांमधून तीन स्वतंत्र छायाचित्रे घेतली होती. तिन्ही छायाचित्रे अर्थातच कृष्णधवल होती. त्याच रंगांच्या प्रकाशात ती एकमेकांवर प्रक्षेपित केली असता रंग प्रकट झाले.

या प्रयोगाची एक गंमत शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये उलगडली. सटन यांनी वापरलेल्या काचांना लाल प्रकाश दिसणे शक्यच नव्हते. मग लाल रंग उमटला कसा? फितीतील लाल रंगद्रव्य अतिनील किरणही परावर्तित करीत होते आणि लाल गाळणीतून हे किरण पार होत होते, असे संशोधकांना आढळून आले. म्हणजेच जगातील पहिल्या मान्यताप्राप्त रंगीत छायाचित्रातील लाल रंग हा बऱ्याच अंशी योगायोगाने मिळालेला होता.

फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये ‘ऑटोक्रोम’ काचा बाजारात आणल्या. बटाट्याच्या स्टार्चचे अतिसूक्ष्म कण नारिंगी-लाल, हिरव्या आणि निळ्या-जांभळ्या रंगात रंगवून ते काचेवर पसरले जात आणि त्याखाली कृष्णधवल रसायनाचा थर असे. फ्रेंच बँकव्यावसायिक आल्बेर कान यांनी १९०९ ते १९३१ या काळात छायाचित्रकारांना जगभर पाठवून अशा सुमारे ७२ हजार काचा जमविल्या. त्यांच्यापैकी स्तेफान पासे यांनी १९१३-१४ मध्ये, तर रोजे द्युमा यांनी १९२७ मध्ये कपूरथळा संस्थानच्या समारंभानिमित्त भारतात छायाचित्रण केले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास भारतातील फेटे, शालू आणि रस्त्यांवरील माणसे प्रत्यक्षात कोणत्या रंगांत वावरत होती, याचा हा दुर्मीळ पुरावा आहे. त्या काळचा भारत आपल्या मनात राखाडी रंगातच वसलेला असल्याने ही चित्रे पाहताना काळाचे अंतर एकदम नाहीसे झाल्यासारखे वाटते.

आधुनिक रंगीत फिल्मचा आरंभ १९३५ मध्ये कोडॅक कंपनीच्या ‘कोडाक्रोम’ने झाला. ती विकसित करणारे लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघे पेशाने संगीतकार होते. पुढील वर्षी जर्मनीतून ‘आग्फाकलर’ आली आणि १९४२ मध्ये ‘कोडाकलर’च्या रूपाने रंगीत निगेटिव्ह उपलब्ध झाली. याच सुमारास भारतीय चित्रपटसृष्टीही रंगाकडे वळू पाहत होती. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ या चित्रपटाच्या प्रती जर्मनीत रंगीत करून घेतल्या. परंतु परिणाम निराशाजनक ठरला.

रंगीत फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारे थर एकावर एक असतात. प्रक्रियेच्या वेळी प्रत्येक थरात चांदी तयार होते आणि तिच्या जोडीने त्या जागी अनुक्रमे पिवळे, किरमिजी आणि आकाशी रंगद्रव्य निर्माण होते. त्यानंतर सर्व चांदी धुऊन काढली जाते. उरतात ती केवळ रंगद्रव्ये. कृष्णधवल फिल्मवर धातू उरतो, तर रंगीत फिल्मवर सेंद्रिय रंग. दोन्ही प्रकारांच्या आयुष्यमानातील फरकाचे मूळ येथे आहे.

अंधारखोली आणि प्रयोगशाळा

कृष्णधवल छायाचित्राची प्रक्रिया घरच्या न्हाणीघरातही करता येत असे. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाचे द्रावण, हायपो, वाहते पाणी आणि एक लाल दिवा एवढी सामग्री पुरेशी होती. लाल दिव्याच्या उजेडात कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटताना पाहणे हा छायाचित्रकाराच्या आयुष्यातील संस्मरणीय अनुभव मानला जाई. कोणता भाग हाताच्या सावलीने उजळ ठेवायचा आणि कोणता अधिक प्रकाश देऊन गडद करायचा, हे तो स्वतः ठरवीत असे. उन्हाळ्यात नळाचे पाणीच तिशीपार जात असल्याने बर्फाच्या लाद्या आणून द्रावण थंड करणे, ही भारतीय अंधारखोलीतील नित्याची बाब होती.

रंगीत फिल्मने छायाचित्रकाराची ही सत्ता काढून घेतली. १९७२ पासून प्रचलित झालेल्या ‘सी-४१’ या प्रक्रियेत डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअसवर अचूक ठेवावे लागते. त्यात किंचितही चढउतार झाल्यास तिन्ही थरांचा तोल बिघडतो. रंगीत कागदासाठी लाल दिवाही चालत नाही. जवळजवळ संपूर्ण अंधार आवश्यक असतो. परिणामी छायाचित्रणाचा अर्धा भाग यंत्रे बसविलेल्या प्रयोगशाळांकडे गेला. रोल देऊन यायचा आणि ठरल्या दिवशी पाकीट घेऊन यायचे, एवढेच बहुतेकांच्या हाती राहिले.

प्रकाशाचा रंग ही रंगीत फिल्मची आणखी एक अडचण होती. सूर्यप्रकाशासाठी तयार केलेली फिल्म विजेच्या साध्या दिव्याखाली नारिंगी छटा दाखवी, तर ट्यूबलाइटखाली हिरवट. मंगल कार्यालयांतील जुन्या रंगीत छायाचित्रांत फ्लॅशच्या टप्प्याबाहेर बसलेली वऱ्हाडी मंडळी हिरवट का दिसतात, याचे कारण हेच. मानवी मेंदू हा फरक आपोआप दुरुस्त करतो. फिल्मला ते शक्य नसते. कृष्णधवल फिल्मला मात्र या अडचणीचा स्पर्शही होत नाही. शिवाय प्रकाशाचा अंदाज थोडासा चुकला तरी कृष्णधवल निगेटिव्ह ती चूक पोटात घालते. रंगीत पारदर्शिकेवर अर्ध्या टप्प्याची चूकही उघडी पडते.

देशाची गरज भागविण्यासाठी केंद्र सरकारने १९६० मध्ये तामिळनाडूतील उदगमंडलम येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सार्वजनिक उपक्रम स्थापन केला. ‘इंदू’ या नावाने त्याची कृष्णधवल फिल्म, कागद आणि क्ष-किरण फिल्म देशभर परिचित होती. आयात फिल्म महाग आणि दुर्मीळ असलेल्या काळात गावोगावच्या स्टुडिओंसाठी या उत्पादनांचे मोल मोठे होते. रंगीत फिल्मचा प्रसार आणि त्यापाठोपाठ आलेले डिजिटल तंत्र या दुहेरी आघातापुढे हा उपक्रम टिकू शकला नाही.

भोपाळची दोन छायाचित्रे

स्वतंत्र भारताच्या जन्माच्या आठवणी प्रामुख्याने कृष्णधवल आहेत. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचा त्यात मोठा वाटा आहे. नवसारी येथे जन्मलेल्या आणि मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या व्यारावाला यांनी १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवेपर्यंत दिल्लीतील सत्तांतर, नेते आणि परदेशी पाहुणे टिपले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण किताबाने गौरविण्यात आले.

रंगाची बाजू सर्वाधिक हिरिरीने मांडली ती जयपूर येथे जन्मलेले रघुवीर सिंह (१९४२–१९९९) यांनी. मोगल आणि राजपूत लघुचित्रांपासून चालत आलेली भारतीय दृष्टी मुळातच रंगांची आहे, कृष्णधवल छायाचित्रणातील विषण्णता ही पाश्चात्त्य अनुभवातून आलेली आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. गंगाकाठ, राजस्थान आणि मुंबई यांवरील त्यांच्या ग्रंथांत रंग हा सजावट म्हणून नव्हे, तर रचनेचा कणा म्हणून येतो. ज्या काळात कलादालने रंगीत छायाचित्राला जाहिरातीचे माध्यम समजून दूर ठेवीत होती, त्या काळात त्यांनी हा मार्ग धरला, हे विशेष. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने विल्यम एगल्स्टन यांच्या रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन १९७६ मध्ये भरविले, तेव्हा त्यावरही कडवट टीका झाली होती. तथापि, सिंह यांचा युक्तिवाद पूर्णतः स्वीकारणे कठीण आहे. बडोद्याचे ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ग्रामीण भागातील भित्तिचित्रे आणि रांगोळ्या यांचे जे कृष्णधवल दस्तऐवजीकरण केले, ते कोणत्याही अर्थाने परके वाटत नाही.

या वादाची सर्वांत कठोर कसोटी भोपाळमध्ये लागली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायूची गळती झाली आणि हजारो नागरिकांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर तेथे पोहोचलेल्या छायाचित्रकारांत रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू हे होते. एका अज्ञात बालकाच्या दफनाचा तोच प्रसंग दोघांनीही टिपला. राय यांनी तो कृष्णधवल फिल्मवर, तर बार्थोलोम्यू यांनी रंगीत फिल्मवर. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला १९८४ या वर्षासाठीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ सर्वोच्च सन्मान मिळाला; राय यांचे छायाचित्र त्यानंतरच्या अनेक दशकांत भोपाळच्या न्यायासाठी चाललेल्या लढ्याचे प्रतीक बनले.

दोन्ही छायाचित्रांत मातीत अर्धवट झाकला गेलेला तोच चिमुकला चेहरा आहे आणि उघडे राहिलेले तेच डोळे आहेत. रंगीत चित्रात मातीचा आणि त्वचेचा रंग डोळ्यांना भिडतो. ही घटना काल घडली, येथे घडली, असे ते चित्र सांगते. कृष्णधवल चित्रात चेहरा, माती आणि वरून आलेला हात हे एकाच धातूचे बनल्यासारखे दिसतात आणि नजर त्या डोळ्यांवरून हलत नाही. रंगीत चित्र अधिक खरे आणि कृष्णधवल चित्र अधिक कलात्मक, अशी सोपी वाटणी येथे लागू पडत नाही. दोन्ही चित्रे साक्षच देतात. रंगामुळे शोकान्तिका सुशोभित होते, हा आक्षेप येथे टिकत नाही आणि कृष्णधवलमुळे ती दूरची वाटू लागते, हाही टिकत नाही.

रंगांध संवेदक

डिजिटल तंत्राने हा प्रश्न मिटविला, असे समजले जाते. प्रत्यक्षात तो वेगळ्या रूपात पुन्हा पुढे आला. कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले चित्र अवघ्या १० हजार बिंदूंचे आणि कृष्णधवल होते. ते ध्वनिफितीच्या कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आजच्या मोबाइल फोनमधील संवेदकही मूलतः त्याच जातीचा आहे. प्रकाश किती पडला एवढेच तो मोजतो. प्रकाश कोणत्या रंगाचा आहे, हे त्याला कळत नाही.

रंगाची जाणीव करून देण्यासाठी संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी सूक्ष्म गाळणी बसविली जाते. कोडॅकमधीलच ब्राइस बेयर यांच्या नावे १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या या मांडणीत निम्म्या गाळण्या हिरव्या, तर प्रत्येकी पाव लाल व निळ्या असतात, कारण मानवी डोळा हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील आहे. प्रत्येक बिंदूला एकाच रंगाची माहिती मिळते; उरलेल्या दोन रंगांचे आकडे शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढले जातात. याचा अर्थ डिजिटल रंगीत छायाचित्रातील दोनतृतीयांश रंगमाहिती मोजलेली नसून अनुमानाने भरलेली असते. मॅक्सवेल यांची तीन गाळण्यांची कल्पना आणि ल्युमिएर बंधूंचे बटाट्याचे कण यांचाच हा वारसा होय.

गाळण्या काढून टाकल्यास प्रत्येक बिंदूला पूर्ण प्रकाश मिळतो, अनुमानाची गरज उरत नाही आणि चित्राचा तपशील वाढतो. या विचारातून लायका कंपनीने २०१२ मध्ये १८ मेगापिक्सेलचा केवळ कृष्णधवल छायाचित्रे घेणारा डिजिटल कॅमेरा बाजारात आणला. २०२३ मध्ये पेंटॅक्सनेही तसा कॅमेरा सादर केला. रंगीत कॅमेऱ्यापेक्षा अधिक किंमत देऊन रंग न दिसणारा कॅमेरा विकत घेणारे ग्राहक आहेत, ही बाब वरकरणी विचित्र वाटली तरी तांत्रिकदृष्ट्या सुसंगत आहे.

अवकाश संशोधनात तर ही विभागणी नित्याचीच आहे. ५ मे २००५ रोजी प्रक्षेपित झालेल्या भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहावरील दोन्ही कॅमेरे कृष्णधवल होते आणि त्यांना जमिनीवरील अडीच मीटर आकाराचा तपशील टिपता येत होता. २००३ मधील रिसोर्ससॅट-१ वरील बहुरंगी कॅमेऱ्याची क्षमता ५.८ मीटर होती. कृष्णधवल चित्राचा बारकावा आणि बहुरंगी चित्रातील रंग यांचा संगणकावर मेळ घालून नकाशे तयार केले जातात. याउलट, २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचलेल्या मंगळयानावरील रंगीत कॅमेऱ्यात बेयर पद्धतीच्याच गाळण्या होत्या.

सामान्य वापरकर्त्यासाठी मुख्य फरक असा की, फिल्मच्या काळात कृष्णधवल की रंगीत हा निर्णय रोल भरतानाच घ्यावा लागे. डिजिटलमध्ये तो नंतर घेता येतो. हे स्वातंत्र्य मोठे आहे, पण त्याची किंमतही आहे. डोळ्यांसमोर रंग दिसत असताना छटांचा विचार करणे कठीण जाते. रंगीत चित्रावर एक कळ दाबून रंग पुसून टाकले की अनेकदा हाती निर्जीव राखाडी चित्र येते. त्याचे कारण साधे आहे. रंगाचे रूपांतर राखाडी छटेत करताना प्रचलित सूत्रानुसार हिरव्याला सुमारे ५९ टक्के, लालला ३० टक्के आणि निळ्याला ११ टक्के वजन दिले जाते. हिरव्या पैठणीचा लाल काठ डोळ्यांना कितीही ठळक दिसला तरी या हिशेबात दोन्ही रंग एकाच छटेचे ठरू शकतात आणि काठ पदरात विरून जातो. संगणकावर प्रत्येक रंगाचे वजन स्वतंत्रपणे बदलण्याची सोय असते. जुन्या रंगीत काचांचे काम आता तिच्याकडे आले आहे; ती वापरण्याचे कष्ट मात्र थोडेच जण घेतात. फिकट, चुकीच्या रंगांचे छायाचित्र वाचविण्यासाठी ते कृष्णधवल करणे ही तर पळवाटच म्हणावी लागेल.

लाल पडलेले अल्बम

टिकाऊपणाच्या कसोटीवर दोन्ही प्रकारांतील अंतर सर्वाधिक स्पष्ट होते. नीट धुतलेल्या कृष्णधवल छायाचित्रातील चांदी शंभर वर्षांहून अधिक काळ टिकते. रंगीत छायाचित्रातील रंगद्रव्ये मात्र प्रकाश, उष्णता आणि दमटपणा यांमुळे विघटित होतात, अंधारातही त्यांचे विघटन थांबत नाही आणि तिन्ही रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. आकाशी रंग आधी क्षीण झाला की छायाचित्र लालसर दिसू लागते. त्यामुळे असंख्य घरांत आजोबांच्या लग्नाचे १९४० च्या दशकातील छायाचित्र सुस्पष्ट आहे, तर आईवडिलांच्या १९७० च्या दशकातील लग्नाचा अल्बम तांबूस पडला आहे. एका संपूर्ण पिढीच्या आठवणींचा हा प्रश्न आहे आणि कोकण-गोव्यासारख्या दमट प्रदेशांत बुरशीमुळे तो अधिकच बिकट होतो. चित्रपट संग्रहालये महत्त्वाच्या रंगीत चित्रपटांचे तीन रंग वेगळे करून त्यांच्या तीन कृष्णधवल फिल्म तयार करतात, कारण रंग सुरक्षित ठेवण्याचे विश्वसनीय साधन अखेर चांदीच ठरते.

अशा अल्बमांचे स्कॅनिंग करताना कृष्णधवल छायाचित्रेही रंगीत पद्धतीनेच स्कॅन करावीत, असे जतनशास्त्राचे जाणकार सांगतात. डाग आणि तपकिरी छटा त्यामुळे ओळखता येतात व दुरुस्ती सोपी होते. छोट्या आकाराच्या प्रतींसाठी किमान ६०० डीपीआय इतकी घनता ठेवावी. निगेटिव्ह उपलब्ध असल्यास ती टाकून देऊ नये, कारण छापील प्रतीपेक्षा तिच्यात अधिक माहिती असते. पानाला चिकट थर असलेले अल्बम सर्वांत घातक असून त्यातील छायाचित्रे सावकाश सोडवून घेणे इष्ट. डिजिटल प्रतीचे रंग उडत नाहीत हे खरे. पण ज्या तबकडीवर ती ठेवलेली असते ती निकामी होऊ शकते. दोन ठिकाणी प्रती ठेवणे आणि काही वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरविणे याला पर्याय नाही.

जुन्या कृष्णधवल चित्रांना संगणकाद्वारे रंग देण्याची लाटही आली आहे. १९६० मधील, मोजके भाग वगळता कृष्णधवल असलेला ‘मुगल-ए-आझम’ १२ नोव्हेंबर २००४ रोजी संपूर्ण रंगीत स्वरूपात प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांनी त्याचे स्वागत केले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने हे काम काही क्षणांत होते. परंतु एकाच राखाडी छटेमागे लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी कोणताही रंग असू शकतो. संगणक केवळ शक्यता निवडतो. चित्रपटाच्या बाबतीत ही हौस म्हणून क्षम्य आहे. ऐतिहासिक छायाचित्रावर मात्र असे रंग कल्पित असल्याची स्पष्ट नोंद असणे आवश्यक आहे, अन्यथा अंदाजाची गणना पुराव्यात होईल.

फिल्मचे युग संपल्याची घोषणा अनेकदा झाली. कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला होता. त्याच कंपनीने २०१८ मध्ये ‘एक्टाक्रोम’ ही बंद केलेली रंगीत पारदर्शिका फिल्म पुन्हा बाजारात आणली. कृष्णधवल फिल्मसाठी प्रसिद्ध असलेल्या इल्फर्डची उत्पादने तयार करणाऱ्या ब्रिटनमधील हार्मन कंपनीने २०२३ च्या अखेरीस स्वतः बनविलेली रंगीत फिल्म सादर केली. कोडाक्रोमचे मात्र पुनरागमन झालेले नाही. तिचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. कारखान्यातून बाहेर पडलेला शेवटचा रोल अमेरिकी छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांना देण्यात आला आणि त्यातील ३६ पैकी काही चित्रे त्यांनी मुंबईतील चित्रपट कलावंतांची व राजस्थानातील रबारी समाजाची घेतली. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स येथील शेवटच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर कोडाक्रोमचे नवे रोल स्वीकारणे बंद केले. जुन्या कपाटांतून आजही अधूनमधून प्रक्रिया न झालेले कोडाक्रोमचे रोल सापडतात. रंग निर्माण करणारी तिची गुंतागुंतीची रसायने आता व्यावसायिक प्रयोगशाळांत मिळत नाहीत. त्यामुळे असे रोल साध्या डेव्हलपरमध्ये धुतले जातात आणि त्यांतून जी चित्रे बाहेर येतात ती कृष्णधवल असतात.